परशुरामाला नोटीस : ‘कुणीतरी घडवले’ या युक्तिवादाची तपासणी

"ताई, कोकण परशुरामाने केलं की ज्वालामुखीने?"

वर्षावासात आमच्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे दहावीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. मी म्हणाले, "पुस्तकात काय आहे?" ती म्हणाली, "पुस्तकात ज्वालामुखी आहे. परीक्षेत मी तेच लिहिणार. पण खरं काय ते सांगा."

परीक्षेत लिहायचे एक आणि खरे मानायचे दुसरे, ही सवय आपल्या मुलांना कधी लागली ते कळलेच नाही. हा लेख त्या मुलीसाठी आहे, आणि आपल्या चळवळीतल्या प्रत्येक तरुणासाठी आहे.

चिपळूणजवळच्या परशुराम घाटातून गेलेल्या प्रत्येकाला ती कथा ठाऊक असते. परशुरामाने जिंकलेली पृथ्वी दान केली, स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून समुद्र मागे हटवून कोकण निर्माण केले. आता आपल्या घराच्या भिंतीकडे पाहा. चिरेखाणीतून आलेला तो जांभा कसा झाला? सह्याद्रीचा काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा तो बनला. उष्ण, दमट हवेत आणि लाखो पावसाळ्यांत त्याची झीज झाली, विरघळणारे घटक वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यातून तांबडा जांभा झाला. कथा कर्त्याचे नाव सांगते, दगड प्रक्रिया सांगतो. कथेपुढे हात जोडता येतात, दगड मात्र फोडून तपासता येतो.

जमिनीबद्दलचा हा वाद सजीवांबद्दलही आहे, आणि तो जगभर आहे. 1802 साली इंग्लंडमधील धर्मपंडित विल्यम पेली याने मांडले की, माळरानावर घड्याळ सापडले तर ते कुणीतरी बनवले असणार हे आपण ओळखतो. मग डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव कर्त्याशिवाय कसा होईल? 1859 साली डार्विनने याला उत्तर दिले. सजीवांत लहान लहान फरक असतात, ते पुढच्या पिढीत उतरतात, परिस्थितीत जे टिकायला मदत करतात ते वाढत जातात. कोट्यवधी वर्षांत यातूनच डोळाही घडतो. यासाठी घडवणारा लागत नाही, प्रक्रिया पुरते.

पेलीचे घड्याळ मात्र बंद पडले नाही. अमेरिकेत त्याला ‘इंटेलिजंट डिझाइन’ असे नवे नाव मिळाले. मायकेल बीही या जीवरसायनशास्त्रज्ञाने 1996 च्या पुस्तकात दावा केला की जिवाणूची शेपटी इतकी गुंतागुंतीची आहे की तिचा एक भाग काढला तर ती चालणारच नाही, म्हणजे ती एकदमच रचली गेली असणार. इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्या शेपटीतल्या काही भागांसारखीच प्रथिने काही जिवाणूंत वेगळेच काम करतात, विष टोचण्याच्या सुईचे. अर्धी यंत्रणा निरुपयोगी असते हे गृहीतकच चुकीचे निघाले.

पेनसिल्व्हानिया राज्यातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने हा विचार जीवशास्त्राच्या वर्गात आणला तेव्हा पालक न्यायालयात गेले. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी 20 डिसेंबर 2005 रोजी निकाल दिला की हे विज्ञान नाही, वेश बदललेला धर्म आहे. याच खटल्यात बीही यांनी उलटतपासणीत कबूल केले की त्यांच्या व्याख्येप्रमाणे फलज्योतिषही वैज्ञानिक सिद्धांत ठरेल. तिथे ही कबुली त्यांच्या बाजूला महागात पडली. आपल्याकडे 2001 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रमच सुरू केले, आणि शास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी त्याला दिलेले आव्हान 2004 साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळले गेले. तेव्हा अमेरिकेला हसण्याची आपल्याला फारशी सोय नाही.

मग विज्ञान कशाला म्हणायचे? साधी कसोटी आहे. ‘माझे म्हणणे चूक ठरण्यासाठी काय घडावे लागेल’ हे जो आधीच सांगतो, तो विज्ञानाच्या वाटेवर आहे. काहीही घडले तरी ज्याचे म्हणणे खरेच राहते, तो विज्ञान सांगत नाही. ही कसोटी शिकायला डोव्हरला जायची गरज नाही. पुण्यात जोतिरावांनी ती वापरून दाखवली होती.

1873 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त जोतिरावांनी चक्क परशुरामाला नोटीस काढली आहे. शास्त्रे सांगतात परशुराम चिरंजीव आहे. ठीक आहे, मग त्याने ठरलेल्या मुदतीत समोर यावे. आला तर मानू, नाही आला तर तुमच्या ग्रंथांचे काय ते लोकांनी ठरवावे. आपण ही नोटीस वाचून हसतो आणि पान उलटतो. पण त्या हसण्यामागे शिस्त आहे. जोतिरावांनी परशुरामाला शिवी दिली नाही. त्यांनी दाव्यातून निघणारा परिणाम शोधला, त्याला मुदत घातली आणि निकालाची वाट पाहिली. त्याच ग्रंथात ते विचारतात की ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण जन्मला असेल तर गर्भाशय कुठे होते, विटाळ कुठे पाळला? हे प्रश्न बोचरे आहेत, पण ते शरीरशास्त्राचे प्रश्न आहेत.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जोतिराव निरीश्वरवादी नव्हते. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात ते निर्मिक मानतात, सर्वांना समान हक्क देणारा. म्हणजे कुणी मनात निर्माता मानतो याच्याशी आपले भांडण नाही. भांडण दोन गोष्टींशी आहे : श्रद्धेला विज्ञान म्हणून शाळेत घुसवणे, आणि निर्मात्याच्या नावावर माणसांची उतरंड लावणे.

आता उत्क्रांतीलाही तीच नोटीस काढू. नियम सर्वांना सारखा. देवमासा मासा नाही, तो सस्तन प्राणी आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू अडकले तेव्हा लोकांनी त्याला पाण्यात परत नेण्यासाठी रात्रंदिवस धडपड केली, ते आपल्याला आठवत असेल. उत्क्रांतीचे म्हणणे असे की देवमाशाचे पूर्वज जमिनीवरचे चार पायांचे प्राणी होते. मग नोटीस अशी : जुन्या खडकांत पाय असलेले देवमासे दाखवा. आणि ते सापडले. गुजरातमधल्या कच्छच्या खडकांत चार कोटी वर्षांहून जुने, पाय असलेले देवमाशांचे पूर्वज मिळाले. काश्मीरच्या खडकांतून त्यांच्या जवळचा, लहान हरणाएवढा खूरवाला प्राणी मिळाला, त्याचे संशोधन 2007 साली प्रसिद्ध झाले. आजच्या देवमाशाला मागचे पाय नाहीत, तरी त्याच्या अंगात कमरेची छोटी हाडे आहेत. डीएनए पाहिला तर त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा निघतो. खडक, हाडे आणि डीएनए हे तीन वेगळे साक्षीदार एकच साक्ष देतात. उद्या माशांच्याही आधीच्या खडकात सशाचा सांगाडा सापडला तर उत्क्रांतीची अख्खी मांडणी कोसळेल. ती हा धोका पत्करते. ‘कुणीतरी घडवले’ हे म्हणणे असा कोणता धोका पत्करते?

कुणी म्हणेल, पोट भरायची मारामार असलेल्या आपल्या तरुणांना देवमाशाच्या हाडांशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे. कारण या देशात ‘रचना’ हा युक्तिवाद जिवाणूच्या शेपटीसाठी वापरला गेला नाही, तो आपल्यासाठी वापरला गेला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले पुरुषसूक्त सांगते की विराट पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र झाले. हा समाजाचा नकाशा आहे आणि त्यावर निर्मात्याची सही आहे. त्या देहात अस्पृश्याला तर जागाच नाही. एकदा रचना दैवी ठरली की तिच्याविरुद्ध बोलणे हा गुन्हा होतो. बाबासाहेबांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ हा 1946 चा ग्रंथ जोतिरावांना अर्पण केला आणि त्याच्या सुरुवातीलाच पुरुषसूक्ताची चिकित्सा केली, ती उगाच नाही.

पण त्याच्या तीस वर्षे आधी बाबासाहेबांनी आणखी खोल काम केले होते, आणि ते आपल्याकडे कमी वाचले जाते. मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. वय पंचवीस. त्यात ते म्हणतात की जात मनूने निर्माण केली नाही, आणि एकटा माणूस ती निर्माण करूही शकत नाही. मनूच्या आधीपासून जात होती, त्याने ती संहितेत बांधली आणि तिचा पुरस्कार केला. मग जात आली कुठून? एका गटाने स्वतःला बेटीव्यवहारापुरते बंद करून घेतले, ते बंदिस्तपण टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा आल्या, आणि इतर गटांनी त्याचे अनुकरण केले. लक्षात घ्या, ही दैवी रचनाकाराची कथा नाही आणि मानवी रचनाकाराचीही नाही. ही प्रक्रिया आहे. जांभ्यासारखीच, थराथराने झालेली. आणि जी गोष्ट माणसांच्या व्यवहारातून झाली ती माणसांच्या व्यवहारातून मोडताही येते, म्हणूनच 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये ते आंतरजातीय विवाहावर इतका भर देतात. आपल्यातलेही अनेक जण भाषणात ‘मनूने जात बनवली’ म्हणून मोकळे होतात. मनुस्मृती जाळणे योग्यच होते, पण बाबासाहेबांचा सिद्धांत त्याहून मोठा आहे.

आता दुसरी चलाखी. काही जण उत्क्रांती नाकारत नाहीत, ते म्हणतात, "आमच्याकडे दशावतारात हे आधीच होतं. मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, वामन!" तळकोकणात रात्रभर रंगणाऱ्या दशावतारी नाटकाबद्दल मला आदर आहे, पण ते जीवशास्त्र नाही. दशावताराचा हा अर्थ केशवचंद्र सेन वगैरेंनी लावला तो डार्विनचे पुस्तक आल्यानंतर. निकाल लागल्यावर मीही सांगितले होते म्हणण्यासारखे ते आहे. शिवाय परशुराम सहावा आणि राम सातवा. रामायणात दोघे समोरासमोर भेटतात, मग यात कोण कुणापासून उत्क्रांत झाला? आणि या यादीत नववा म्हणून कुणाला बसवले आहे? तथागतांना. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे बाबासाहेबांनी स्पष्ट नाकारले. दशावताराचे विज्ञान मान्य करणारा बौद्ध तरुण ती प्रतिज्ञा मोडतो, हे त्याला माहीतही नसते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपलेही घर तपासू. "डार्विनच्या अडीच हजार वर्षे आधी बुद्धांनी उत्क्रांती सांगितली" असे संदेश आपल्याच गटांवर फिरतात. अग्गञ्ञ सुत्ताचा दाखला दिला जातो. मी ते सुत्त वाचले आहे. त्यात तेजोमय जीव पृथ्वीचा रस चाखतात आणि हळूहळू जड होत जातात. याला जीवशास्त्र म्हणायचे तर मत्स्यावतारालाही म्हणावे लागेल. त्या सुत्ताचे खरे बळ वेगळीकडे आहे. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा करणाऱ्यांना तथागत आठवण करून देतात की ब्राह्मण स्त्रियांनाही पाळी येते, त्या गरोदर होतात, बाळंत होतात, दूध पाजतात. पुढे वर्ण हे लोकांच्या कामांतून आणि संमतीतून झाले असे ते सांगतात. डोळ्यांसमोरच्या पुराव्याने दैवी जन्माचा दावा खोडणे, ही पद्धत आपला वारसा आहे. डार्विनचे श्रेय पळवण्याची बुद्धांना गरज नाही आणि आपल्यालाही नसावी.

राहिला शेवटचा आक्षेप : उत्क्रांती म्हणजे बळी तो कान पिळी, मग ती दुबळ्यांच्या विरोधातच नाही का? असे नाही. निसर्गात काय घडते हे उत्क्रांती सांगते, माणसाने कसे वागावे हे ती सांगत नाही. वंशश्रेष्ठत्ववाद्यांनी तिचा दुरुपयोग केला हे खरे आहे. जातीला सुप्रजननशास्त्राचा आधार देण्याचा तो प्रयत्न बाबासाहेबांनी 1936 सालीच हाणून पाडला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, जात वंश दाखवत नाही, हे त्यांनी मांडले. आपण सगळे एकाच पूर्वजाची लेकरे आहोत, मुख आणि पाय असे वेगळे उगम नाहीत, ही उत्क्रांतीची साक्ष तर जातिव्यवस्थेविरुद्धच जाते.

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की माकडाचा माणूस होताना पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही, म्हणून डार्विन चूक आहे. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर उत्तर दिले. ज्या शहरात बाबासाहेबांनी 1950 साली महाविद्यालय काढले आणि त्याला प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे नाव दिले, त्याच शहरात हे बोलले गेले. पुढे एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचे नाव फक्त ‘आनुवंशिकता’ उरले. 2023 साली अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे म्हणतात. पण बारावीला जीवशास्त्र घेणारी आपली मुले किती? ज्यांचे शिक्षण दहावीला थांबते, त्यांच्याच हातून हा धडा काढून घेतला गेला.

महाराष्ट्र बोर्डाच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. प्रत्येक विहाराच्या अभ्यासवर्गात तो वाचला जावा, शेजारी ‘गुलामगिरी’ आणि ‘कास्ट्स इन इंडिया’ असावे, आणि मुलांना एकदा चिरेखाणीवर न्यावे. वैज्ञानिक दृष्टिकोन हे 1976 पासून संविधानाच्या कलम 51 क मध्ये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, फक्त परीक्षेतले उत्तर नाही.

त्या मुलीला मी सांगितले, "ज्वालामुखीचं उत्तर खरं आहे, आणि ते खरं का आहे हे तू स्वतः तपासू शकतेस." तिने विचारले, "आणि परशुराम?" मी म्हणाले, "त्याला नोटीस गेली आहे. दीडशे वर्षं झाली. अजून आला नाही."

जय जोती! जय भीम! जय संविधान!