काचेतील प्रारणजन्य दोष

आयनीकारक प्रारणामुळे काचेच्या सिलिका-जाळ्यात बंध तुटून किंवा इलेक्ट्रॉन अडकून निर्माण होणारे अणुपातळीवरील बदल (पहा : काच, किरणोत्सर्ग).

गॅमा किरणांनी सुटे झालेले इलेक्ट्रॉन जाळ्यातील सदोष जागी अडकतात. तीन ऑक्सिजन अणूंना जोडलेल्या सिलिकॉनवर एकटा इलेक्ट्रॉन उरला की ई-प्राइम केंद्र बनते. ते सुमारे २१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार प्रकाश शोषते. अशा दोषांमुळे काच काळवंडते आणि प्रकाशीय तंतूंतील संदेश क्षीण होतो. तापवल्यावर अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, काही प्रकाश देतात आणि दोष बुजतात.

या उष्मादीप्तीवरून काचेचे वय काढता येते. मात्र इलेक्ट्रॉन मध्यंतरी निसटले नाहीत, हे गृहीत धरावे लागते. मालेगावच्या (जि. वाशिम) नैर्ऋत्येस, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराने (पहा : लोणार) या गृहीतकाची मर्यादा उघड केली. तेथील आघात-काचेचे वय उष्मादीप्तीने सुमारे ५२,००० वर्षे निघाले (१९९७), तर आर्गॉन समस्थानिकांनी सुमारे ५,७०,००० वर्षे (२०११). मूळच्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टातील आर्गॉन उरल्याने दुसरे वय फुगले असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण समकालरेषा-पद्धतीत असा अडकलेला आर्गॉन वेगळा काढता येतो. उलट, लोणारची काच शुद्ध सिलिका नसून बेसाल्टी आहे, आणि काचेतील सापळे दीर्घकाळात गळू शकतात किंवा भरून संपृक्त होऊ शकतात. दोन्ही कारणांनी वय कमीच दिसते. म्हणून उष्मादीप्तीचे वय किमान मर्यादा मानणे अधिक सयुक्तिक ठरते.