मॅसेडोनियाची ३१ अक्षरे

लिपी देवाने किंवा ऋषींनी दिली, असे आपण ऐकत आलो. मॅसेडोनियाची लिपी समितीने दिली. आणि समितीत भांडणे कशी होतात, हे आम्हां संघटनेतल्या माणसांना वेगळे सांगायला नको!

लोकांच्या बोलीतूनच ग्रंथभाषा घडवा, असे क्रस्ते मिसिरकोव याने १९०३ साली सोफियात छापलेल्या पुस्तकात बजावले होते. पुढे चाळीस वर्षे त्या बोलीला ना शाळा मिळाली ना कचेरी. बल्गेरियन राज्यकर्ते तिला बल्गेरियन म्हणत, सर्बियन राज्यकर्ते सर्बियन. अखेर २ ऑगस्ट १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, ती राजभाषा ठरली. नोव्हेंबरात स्कोप्ये मुक्त झाले आणि दोनच आठवड्यांत लिपीची समिती बसली.

चकमक झाली ती एका अक्षरावर. आपल्या ‘अ’सारखा एक अस्फुट स्वर आहे, बल्गेरियनमध्ये त्याला अक्षर आहे. ते घ्यावे की नाही? ब्लाझे कोनेस्की, वयाची तेवीस वर्षेही पुरी न झालेला, नको म्हणाला. बहुमत विरुद्ध गेले, तेव्हा तो उठून गेला. पण तो ठराव मान्य झालाच नाही. आणखी दोन समित्या बसल्या. ५ मे १९४५ रोजी ३१ अक्षरे मंजूर झाली, त्यांत ते अक्षर नव्हते. बहुमत असे वरून फिरवलेले आम्हांला रुचत नाही. लिपी मात्र सुटसुटीत झाली, हे कबूल केले पाहिजे.

‘जाळे’ आणि ‘जीव’ यांतले दोन उच्चार आपण एकाच ‘ज’वर भागवतो. तिकडे ‘जाळे’तल्या ‘ज’ला स्वतंत्र अक्षर आहे, ‘तारा’ या अर्थाचा त्यांचा शब्द त्याच अक्षराने सुरू होतो.