तळ्याची मालकी आणि तळ्याची राखण

लामता गावाजवळ ढुटी येथे वैनगंगेवर ब्रिटिश अमदानीत बांधलेला बंधारा आहे; त्याचे पाणी कालव्यांनी बालाघाटच्या भातशेतीस मिळते. परंतु त्याच्याही कितीतरी आधी या नदीच्या खोऱ्यात पोवारांनी व कोहळ्यांनी तलाव बांधले होते. मातीची पाळ, पाणी सोडावयास तुडूम, आणि काठाच्या उथळ पाण्यात कमळे, शिंगाडे, पाणगवत. हे गवत गाळ अडवी, पाणी स्वच्छ राखी, माशांच्या अंड्यांना आसरा देई.

मालकी मालगुजाराची असे. पाळीवर घाम गळे तो गावाचा, आणि कित्येकदा वेठीचा. म्हणून मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्याने १९५१ साली मालगुजारी संपली, याचे आम्हांस दुःख नाही. दुःख निराळे आहे. हक्क सरकारात जमा झाला. गाळ काढण्याचे कर्तव्य मात्र व्यवहारात बेवारस राहिले.

१९५६ साली या खोऱ्यातला भंडारा मुंबई राज्यात गेला. पुढे तिकडील अनेक तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी व्यापले. अलीकडे भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर मंडळींनी, विशेषतः स्त्रियांनी, अभ्यासकांच्या साह्याने बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासेही परतले.

नवा जलाशय बांधू पाहणाऱ्यांस आमचे सांगणे एवढेच : पाळीचा पहिला दगड बसण्यापूर्वी, ती राखणार कोण, हे कागदावर उतरवावे.