बुचाची जाकिटे

टायटॅनिक बोटीची गोष्ट ठाऊक नाही अशी भगिनी आपल्या मंडळात शोधूनही सापडावयाची नाही. चित्रपटाने ती घरोघर पोचविली आहे. परंतु टायटॅनिक बुडण्याच्या आठ वर्षे आधी, न्यूयॉर्क शहराच्या अगदी कुशीत, दोन्ही काठ डोळ्यांना दिसत असताना एक आगबोट जळाली आणि तिच्यावरील १,०२१ माणसे प्राणांस मुकली, ही हकीकत मात्र फारशी कोणाच्या कानावर गेलेली नसते. मी इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकविला, पण एकाही पाठ्यपुस्तकात ती मला भेटली नाही. ती आज आपल्यापुढे मांडावयाचे कारण असे की, ही बोट लढाईवर निघालेली नव्हती की व्यापारावर. ती निघाली होती सहलीला, आणि तिच्यावर होत्या बहुतांशी बायका नि मुले. आपल्या मंडळाची घारापुरीची सहल निघते ना, तशीच.

बोटीचे नाव जनरल स्लोकम. १८९१ साली बांधलेली, लाकडी, तीन मजली, दोन्ही अंगांना मोठाली चाके असलेली. न्यूयॉर्कच्या पूर्व भागात त्या काळी जर्मनीहून आलेल्या लोकांची दाट वस्ती होती. कोणी पाववाले, कोणी शिंपी, कोणी सुतार. त्यांचे सेंट मार्क्स नावाचे चर्च होते आणि त्या चर्चची दर वर्षी एक सहल निघे. १९०४ सालच्या सहलीसाठी ३५० डॉलर देऊन स्लोकम बोट ठरविण्यात आली. दिवस होता १५ जूनचा, बुधवार. कामाचा वार असल्यामुळे घरचे पुरुष बहुतेक कामावर गेलेले. बायकांनी डबे भरले, मुलांना ठेवणीतले कपडे घातले आणि साडेनऊच्या सुमारास सुमारे साडेतेराशे माणसांना घेऊन बोट धक्क्यावरून सुटली. बँड वाजत होता. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील एका बागेत दिवसभर राहून संध्याकाळी परतावयाचे, एवढाच बेत.

बोटीच्या पुढल्या भागात खाली दिवाबत्तीची कोठी होती. तेथे दिव्याचे तेल, तेलकट चिंध्या आणि काचेचे पेले बांधून आलेला गवताचा भुसा असे सारे एकत्र पडलेले होते. ठिणगी कशाची पडली हे शेवटपर्यंत ठरले नाही. धूर पहिल्यांदा दिसला तो एका बारा वर्षांच्या मुलाला. त्याने धावत जाऊन सांगितले, तेव्हा त्याला दटावून परत पाठविण्यात आले. मुलांचे बोलणे मोठी माणसे कशी ऐकतात हे आपण जाणतोच. खलाशांनी आग विझविण्यासाठी होजची नळी ओढून पाणी सोडले, तो ती जागोजाग फुटली. वर्षानुवर्षे तशीच गुंडाळून ठेवल्याने ती कुजली होती. खलाशांना तरी बोल किती लावावा? आग लागली असता काय करावयाचे ह्याची कवाईत त्यांच्याकडून त्या वर्षी एकदाही करवून घेतलेली नव्हती.

आता जाकिटांविषयी सांगते. बोटीवर सुमारे अडीच हजार जाकिटे होती, म्हणजे माणसागणिक एक देऊनही हजारावर उरली असती. आत बूच भरलेली ही जाकिटे तेरा वर्षे छताला टांगून ठेवलेली, ऊन-पाऊस खात. हात लावताच कित्येकांचे कापड फाटले आणि आतल्या बुचाचा भुगा अंगावर पडला. ज्यांचे कापड टिकले त्यांच्या आतही भुगाच होता. भुगा तरंगत नाही, तो पाणी पितो. आयांनी ही जाकिटे मुलांच्या अंगात घट्ट बांधली, मुलांना पाण्यात सोडले आणि ती तरंगण्याऐवजी सरळ तळाशी जाताना पाहिली. वाचलेल्यांच्या साक्षींत हे नमूद आहे. मी ते प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

बचावाच्या होड्याही होत्या, पण तारांनी आवळलेल्या आणि रंगाच्या पुटांनी जागच्या जागी चिकटून बसलेल्या. त्यांतली एकही हलली नाही. पोहणे येणाऱ्या बायका अगदी थोड्या. शिवाय त्या काळचे त्यांचे घोळदार, थरावर थर असलेले लोकरी कपडे भिजले की दगडासारखे जड होत. नऊवारी नेसून विहिरीत पडलेल्या बाईची जी गत होते, तीच त्यांची झाली.

कप्तानाने बोट जवळच्या काठाला का लावली नाही, ह्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्याचे म्हणणे असे की, काठावर तेलाच्या टाक्या आणि लाकडाच्या वखारी होत्या, त्यांनी पेट घेतला असता. म्हणून तो समोरच्या नॉर्थ ब्रदर बेटाकडे निघाला. वारा समोरून असल्यामुळे बोट जसजशी पुढे जाई तसतशी ज्वाळा मागच्या गर्दीकडे येत. बेटावर साथीच्या रोगांचे इस्पितळ होते. तेथल्या परिचारिका आणि बरे होत आलेले रोगी पाण्यात उतरले आणि हाती लागतील त्यांना ओढून काढू लागले. त्या संध्याकाळी जर्मन वस्तीतले कितीतरी पुरुष कामावरून घरी आले ते रिकाम्या घरात. पुढे ती वस्तीच हळूहळू उठून शहराच्या दुसऱ्या भागात गेली.

आणि आता सर्वांत विलक्षण गोष्ट. ह्या बोटीची सरकारी तपासणी झालेली होती. कित्येक वर्षांपूर्वी नव्हे, त्याच वर्षाच्या मे महिन्यात, दुर्घटनेच्या सहा आठवडे आधी. जाकिटे चांगली, होज चांगला, होड्या चांगल्या, असे कागदावर लिहून सही झालेली होती. तपासनिसावर खटला झाला, पण तो दोषी ठरला नाही. कप्तानाला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि काही वर्षे सिंगसिंगच्या तुरुंगात काढल्यावर तो सुटला. कंपनीचे मात्र किरकोळ दंडावर भागले. चौकशीत आणखी एक प्रकार उघडकीस आला. जाकिटात अमुक वजनाचे बूच असावे असा नियम होता, तेव्हा एका कारखान्याने बूच कमी घालून वजन भरण्यासाठी आत लोखंडाचे तुकडे घातले होते! तरंगण्याच्या वस्तूत लोखंड. दुधात पाणी घालणारा गवळी ह्यापुढे साधू म्हणावा लागेल.

न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स चौकातील बागेत ह्या मृतांच्या स्मरणार्थ गुलाबी संगमरवराचे पाण्याचे कारंजे उभे आहे. ते १९०६ साली उभारले गेले, आणि ते दिले जर्मन स्त्रियांच्या एका मंडळाने. त्या मंडळातील भगिनींनी वर्गणी कशी जमविली असेल ह्याची कल्पना आपणांस अधिक देण्याची गरज नाही. दुर्घटनेच्या वेळी सहा महिन्यांची असलेली एक मुलगी त्यातून वाचली होती. ती अगदी अलीकडे, २००४ साली, शंभर वर्षांची होऊन वारली.

बोट बुडू लागली की ‘बायका-मुले प्रथम’ असा एक समुद्रावरचा कायदाच आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. माझीही लहानपणी तीच होती, कारण क्रमिक पुस्तकातले धडे तसे असत. ती समजूत मुख्यतः बर्कनहेड नावाच्या ब्रिटिश लष्करी जहाजावरून पसरली. १८५२ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ ते खडकावर आदळले, तेव्हा शिपाई रांगेत उभे राहिले आणि बायका-मुले होड्यांतून सुखरूप गेली. घटना खरी आहे आणि त्या शिपायांना वंदनच केले पाहिजे. परंतु दोनच वर्षांनी, १८५४ साली, आर्क्टिक नावाची अमेरिकन आगबोट धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली, तेव्हा होड्या पळविल्या त्या खलाशांनी आणि काही पुरुष उतारूंनी. त्या बोटीवरची एकही स्त्री वाचली नाही, एकही मूल वाचले नाही. खुद्द बोटीच्या मालकाची बायको आणि दोन मुले त्यांत गेली. १८९८ साली ला बूर्गोन्य ही फ्रेंच बोट बुडाली, तेव्हा सर्व स्त्रियांत मिळून एक वाचली. म्हणजे कायदा नव्हे, ती त्या त्या बोटीवरच्या माणसांची मर्जी होती.

टायटॅनिकवर ही मर्जी बरीचशी पाळली गेली, हे मान्य केले पाहिजे. पण तेथेही हिशोब नीट पाहावा. ब्रिटिश चौकशीच्या आकड्यांप्रमाणे पहिल्या वर्गातील १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातील १६५ पैकी ७६. तिसऱ्या वर्गात ७९ मुले होती, त्यांतली २७ वाचली. ह्या मुलांना दाक्षिण्य दाखविण्यास कोणी तयार नव्हते असे नाही. होड्या वरच्या मजल्यावर होत्या आणि खालच्यांना तेथवरची वाट ठाऊक नव्हती. जहाजावर सुमारे २,२०० माणसे आणि होड्यांत जागा १,१७८ जणांची. गंमत अशी की हे नियमाला धरूनच होते. दहा हजार टन व त्यावरील जहाजांना सोळा होड्या पुरेत, असा तो नियम १८९४ सालचा, आणि टायटॅनिक होती छेचाळीस हजार टनांची. त्यातूनही पहिली होडी ६५ जणांची असून निम्मीसुद्धा न भरता खाली सोडली गेली. भरलेली होडी सोडताना दोर टिकतील की नाही ह्याची अधिकाऱ्यांना खात्री नव्हती. खात्री करून घेण्याची वेळ आधीची असते, त्या रात्रीची नव्हे.

त्यानंतर १९१४ साली लंडनला निरनिराळ्या राष्ट्रांनी एकत्र बसून करार केला. प्रत्येक उतारूस होडीत जागा, बिनतारी संदेशावर अहोरात्र पहारा, अशी त्याची मुख्य कलमे. महायुद्ध सुरू झाल्यामुळे तो अमलात आला नाही, तरी पुढचे सारे नियम त्याच्याच पोटी जन्मले. पण नियम आंधळेपणाने लावला तर काय होते, तेही लगेच दिसले. शिकागो शहरात ईस्टलँड नावाची सहलीची बोट होती. मुळातच ती कलणारी म्हणून बदनाम. तिच्यावर १९१५ साली नव्या नियमाला अनुसरून जादा होड्या आणि तराफे चढविले गेले. वरचा भार वाढला. २४ जुलैच्या सकाळी टेलिफोन बनविणाऱ्या कारखान्यातील कामगार आपापल्या कुटुंबांसह तिच्यावर चढले, आणि धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतच ती नदीत आडवी झाली. ८४४ माणसे गेली, वीस फूट पाण्यात.

ह्या परक्या हकिकती वाचताना आपल्या रामदास बोटीची आठवण झाली नाही तरच नवल. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येच्या तोंडावर सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट भर पावसाळ्यात वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेले, आणि कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव सुतक. आमच्या लहानपणीदेखील त्या बाजूच्या घरांतून रामदासचे नाव उच्चारले की वडीलधारी माणसे विषय बदलीत. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ असून दुपार उलटून गेली तरी तेथे कोणास पत्ता नव्हता. जी माणसे वाचली त्यांतली कितीतरी वाचविली ती रेवसच्या कोळी बांधवांनी, आपल्या होड्यांतून.

हे सारे जुन्या काळचे, असे कोणी म्हणेल. म्हणून एक अलीकडची गोष्ट सांगते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्ता कॉन्कॉर्डिया हे प्रचंड विहारजहाज कप्तानाच्या दिमाखापायी किनाऱ्याच्या फार जवळ गेले आणि खडकावर फाटले. जहाजावर ४,२२९ माणसे, त्यांत आपल्या देशाचे कर्मचारीही पुष्कळ. ३२ जण दगावले. यंत्रे अद्ययावत, होड्या भरपूर. परंतु त्याच संध्याकाळी बंदरावर चढलेल्या सुमारे सहाशे उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे, आणि जहाज तर दोनअडीच तासांतच आदळले. होडी सोडण्याचा हुकूम निघावयास तासाहून अधिक वेळ गेला. तोवर जहाज इतके कलले की एका अंगाच्या होड्या धड सोडता येईनात. कप्तान उतारूंच्या आधी काठावर पोचला होता. त्याला सोळा वर्षांची शिक्षा झाली. कवाईतीचा नियम १ जानेवारी २०१५ पासून बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच ती घ्यावी लागते.

आपल्याकडे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नील कमल बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका, जिच्या इंजिनाची चाचणी चालली होती, येऊन आदळली. पंधरा जण मृत्यू पावले. धडक बसली तेव्हा बहुतेक उतारूंच्या अंगावर जाकीट नव्हते. त्यानंतर गेटवेवर जाकीट घातल्यावाचून बसू द्यावयाचे नाही असा हुकूम निघाला.

गेल्या हिवाळ्यात मी एका बोटीने खाडीपलीकडे गेले. जाकिटे बाकाखाली रचलेली होती. मागितल्यावर पोऱ्याने हसून एक काढून दिले. त्याचा एक बंद तुटलेला होता. मी दुसरे मागितले. त्याने जरा खळखळ केली, म्हणाला, ‘काकी, वीस मिनिटांचा तर रस्ता.’ स्लोकमला आग लागल्यापासून बेटाला टेकेपर्यंत तेवढासुद्धा वेळ गेला नव्हता, पण हे त्याला सांगून काय उपयोग? दुसरे जाकीट मिळाले, त्याचे बंद शाबूत होते. मग शेजारच्या दोघी-तिघींनीही आपापली जाकिटे मागून घेतली.