पांढुर्णा आणि सौंसर : एका सीमाप्रदेशाच्या हस्तांतराचा इतिहास

सातपुड्याच्या घाटाखाली, नागपूरच्या मैदानाला लागून असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली आज मध्य प्रदेशात आहेत. दक्षिणेला नागपूर जिल्ह्यातले नरखेड, काटोल व सावनेर, नैर्ऋत्येला अमरावती जिल्ह्यातले वरुड आणि पश्चिमेला बैतुल जिल्ह्यातली मुलताई असा त्यांचा शेजार आहे. संत्र्याच्या बागा, कपाशी आणि घरातली मराठी ही राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. पावणेतीनशे वर्षांत मात्र या भूमीचे स्वामित्व गोंड राजांकडून भोसल्यांकडे, भोसल्यांकडून इंग्रजांकडे आणि पुढे भारतीय प्रजासत्ताकाकडे गेले. प्रत्येक हस्तांतराचा कायदेशीर आधार वेगळा होता, आणि त्याचे परिणाम गावातल्या शेतजमिनीपर्यंत पोहोचले.

हा मुलूख मूळचा देवगडच्या गोंड राज्याचा. देवगडचा किल्ला आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. याच घराण्यातल्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. पुढे देवगडचा राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा पेटला. विधवा राणीने पहिल्या रघूजी भोसल्यांची मदत मागितली. पुढे राजपुत्रांमध्येच फूट पडली, तेव्हा १७४३ मध्ये रघूजींनी राज्याची सूत्रे हाती घेतली. गोंड राजा बुऱ्हाण शाह याचे राजेपद मात्र त्यांनी काढून घेतले नाही. राजाला नेमणूक बांधून दिली, मानमरातब राखला आणि वसूल व फौज स्वतःकडे ठेवली. या पहिल्या हस्तांतरात किताब एकाकडे राहिला आणि सत्ता दुसऱ्याकडे गेली.

भोसल्यांचे राज्य पुढे तहांमुळे आक्रसत गेले. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींना कटक प्रांत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला द्यावा लागला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडही त्यांच्या हातून गेला आणि तो निजामाला मिळाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला. त्यानंतर नर्मदेच्या खोऱ्यातला आणि सातपुड्यातला मोठा प्रदेश कंपनीने घेतला. बैतुल त्यातच गेले, आणि १८२६ च्या तहाने या हस्तांतरावर औपचारिक शिक्का बसला. सौंसरचा भाग मात्र भोसल्यांकडेच राहिला. अप्पासाहेबांना पदच्युत करून इंग्रजांनी बाल राजाला गादीवर बसवले. ते तिसरे रघूजी. त्यांच्या अज्ञानपणात रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स राजाच्या नावाने कारभार पाहत होता.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि त्यांनी दत्तकही घेतलेला नव्हता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने १८५४ च्या आरंभी राज्य खालसा केले. युद्धात हरलेले राज्य इंग्रजांनी १८१८ नंतर कृपेने परत दिले होते, म्हणून पुरुष वारस नसल्यास ते देणाऱ्याकडे परत येते, असा त्याचा युक्तिवाद होता. रेसिडेंट मॅन्सेलने राजघराण्याविषयी सौम्य भूमिका सुचवली होती, ती त्याने मानली नाही. राण्यांना दत्तक घेण्याचा हक्क आहे हे म्हणणेही फेटाळले गेले. खासगी वारसा आणि राज्याचा वारसा यांत हिंदू धर्मशास्त्राने न केलेला भेद सत्तेने केला. सौंसर आणि पांढुर्णा कंपनीकडे आले ते या निर्णयाने. त्यासाठी येथे लढाई झाली नाही की नवा तह झाला नाही.

वऱ्हाडची गोष्ट आणखी निराळी आहे. १८५३ च्या तहाने निजामाने तो कंपनीच्या ताब्यात दिला, पण सार्वभौमत्व स्वतःकडे ठेवले. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाला. त्यामुळे एकाच परिसरात तीन प्रकारचे हक्क शेजारी नांदत होते : मुलताई तहाने मिळालेली, सौंसर-पांढुर्णा खालसा केलेले आणि वरुड पट्ट्याने घेतलेले. कायद्याच्या भाषेत वरुडचा राजा १९०२ नंतरही निजामच होता. त्याच्या शेजारच्या पांढुर्ण्यावर ब्रिटिश राजसत्तेची थेट मालकी होती.

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. घाटावरच्या आणि घाटाखालच्या मुलखाचा मिळून छिंदवाडा जिल्हा झाला, आणि सौंसर त्याची तहसील झाली. पांढुर्णा तेव्हा याच तहसिलीत होते. त्याच दशकात जमिनीच्या हक्कांचे मोठे हस्तांतर झाले. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील वसूल गोळा करून सरकारात भरत असे. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. इंग्रजांच्या बंदोबस्ताने या वसूलदारांना मालगुजार ठरवून गावाची मालकी दिली. गावचे पडीक, झाडोरा आणि तळी मालगुजाराच्या नावे लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा शेतकरी त्याचे कूळ झाला. कुळांना संरक्षण देणारे कायदे नंतर टप्प्याटप्प्याने आले. सरपण, चराई, घरासाठी लाकूड आणि पाणी यांवरचे गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या हक्क-रिवाजांच्या नोंदपत्रात नोंदवले गेले. शेजारच्या वऱ्हाडात रयतवारी असल्याने तेथे शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे.

स्वातंत्र्यानंतर ही मालकी पुन्हा फिरली. मध्य प्रदेश विधानसभेने केलेला मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. मालगुजारांना मोबदला मिळाला आणि त्यांची घरची शेती त्यांच्याकडे राहिली. पडीक, जंगल, तळी आणि गावठाण राज्याकडे गेले. तेव्हा राज्याची राजधानी नागपूर होती, म्हणून काटोल आणि सौंसर या दोन्ही ठिकाणी हाच कायदा लागू झाला.

पाचच वर्षांनी या दोन तालुक्यांच्या मधून राज्याची सीमा गेली. राज्यांच्या फेररचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये मध्य प्रदेशातल्या आठ मराठी जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले होते. संसदेने ते राज्य केले नाही. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ८ ने बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे जिल्हे नव्या मुंबई राज्यात घातले. या यादीत छिंदवाडा नव्हता. फेररचनेत साधारणपणे संपूर्ण जिल्हा हा घटक मानला गेला, आणि छिंदवाड्याच्या घाटावरच्या भागात हिंदी व गोंडी बोलली जात होती. दक्षिणेकडच्या मराठी तहसिलीचा वेगळा विचार झाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून सौंसर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि तेथील लोकांची राजधानी भोपाळ झाली. याउलट आंध्र आणि मद्रास यांच्यातला सीमावाद पाटसकर सूत्राने सुटला. त्यात गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत या कसोट्या होत्या, आणि १९५९ च्या कायद्याने गावांची अदलाबदल झाली. तशी मोजणी सौंसर-पांढुर्ण्याच्या वाट्याला आली नाही.

अशा बदलांचा घटनात्मक आधार अनुच्छेद ३ हा आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यासाठी विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडावे लागते आणि संबंधित विधानमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते. राज्य पुनर्रचनेच्या मूळ विधेयकात मुंबईसाठी सुचवलेल्या तीन घटकांऐवजी संसदेने विशाल द्विभाषिक मुंबई राज्य केले, तेव्हा राज्याचे मत पुन्हा मागवायला हवे होते असा दावा करण्यात आला. बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. परकीय देशाला भूभाग द्यायचा असेल तर मात्र घटनादुरुस्तीच लागते, असे बेरूबारी प्रकरणात १९६० मध्ये ठरले. भूभाग देशातच राहणार असेल, तर साधा कायदा पुरतो.

राज्य बदलले तरी लोकांचे हक्क अधांतरी राहू नयेत, याची तजवीज १९५६ च्या कायद्यातच होती. कलम ११९ नुसार, बदल होईपर्यंत प्रत्येक प्रदेशात आधीचाच कायदा चालू राहिला. सरकारी जमीन ज्या राज्याच्या हद्दीत पडली त्या राज्याची झाली. नागपूरचे उच्च न्यायालय नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय म्हणून जबलपूरला गेले, आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. सौंसरच्या पक्षकाराला जवळच्या नागपूरऐवजी दूरचे जबलपूर गाठावे लागू लागले.

जमिनीचे कायदेही हळूहळू वेगळे झाले. मध्य प्रदेशात १९५९ ची भू-राजस्व संहिता आली आणि शेतकरी भूमिस्वामी झाला. विदर्भात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली आणि तोच हक्क भोगवटादार वर्ग १ म्हणून नोंदला जाऊ लागला. सीमेच्या एका बाजूला खसरा आणि दुसऱ्या बाजूला सातबारा चालतो. भावकीची शेती दोन्ही राज्यांत असेल तर दोन्हींचे उतारे सांभाळावे लागतात. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या जुन्या मध्य प्रांताच्या नोंदी मात्र दोन्हीकडच्या कायद्यांत टिकून आहेत. भाषेबाबत अनुच्छेद ३५०-क अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी सोय करण्यास सांगतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद अनुच्छेद ३५०-ख मध्ये आहे.

सर्वांत अलीकडचे हस्तांतर राज्याच्या आतले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये घोषणा झाली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा व सौंसर छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. असा बदल करण्याचा अधिकार भू-राजस्व संहितेच्या कलम १३ ने राज्य सरकारला आहे. त्यासाठी प्रस्ताव जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. १७४३, १८५४ किंवा १९५६ मध्ये या गावांना असे काही विचारले गेले नव्हते. जिल्हाधिकाऱ्याची कचेरी जवळ आली. भूमिस्वामीचा हक्क, राज्य आणि उच्च न्यायालय तेच राहिले. १९५६ मध्ये जिल्हा हा घटक धरल्यामुळे घाटाखालचा मराठी मुलूख घाटावरच्या मुलखाशी बांधला गेला होता. ती जुनी प्रशासकीय बांधणी २०२३ मध्ये सुटली. राज्याची सीमा जागच्या जागी आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार आजही फक्त संसदेला आहे.