मालवाहतुकीतील सुरक्षा-नियमन आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न (१९३९–२०२५)

भारतातील रस्तेमार्गे होणाऱ्या मालवाहतुकीचा विचार सामान्यतः रेल्वेशी असलेली स्पर्धा, परवानापद्धती आणि महामार्गांचा विस्तार या अंगांनी केला जातो. चालकाने दिवसाकाठी किती तास काम करावे, गाडीवर किती भार असावा आणि या मर्यादांचा भंग झाल्यास जबाबदार कोणास धरावे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे बऱ्याच आधी आले. त्या नियमांनी नेमके कोण बांधले जाते हे मात्र प्रत्येक नव्या कायद्यागणिक अधिक संदिग्ध होत गेले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वाहतूकदाराचे दायित्व सांगणारा १८६५ चा वाहक कायदा मालाच्या हानीपुरताच होता. हुंडेकऱ्याकडे सोपविलेला माल गहाळ झाला तर भरपाई कोणी द्यावी, एवढीच त्याची चिंता. माल वाहून नेणाऱ्या माणसाच्या श्रमाचा विचार त्यात नसावा यात नवल नाही. १८८१ चा कारखाना कायदादेखील अद्याप यावयाचा होता. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने वाहननोंदणी आणि चालकाचा परवाना या बाबी देशपातळीवर आणल्या. कामाच्या तासांचे स्पष्ट बंधन आले ते १९३९ च्या कायद्याने.

या कायद्यामागे रेल्वेच्या उत्पन्नाची काळजी होती हे सर्वश्रुत आहे. १९३२-३३ मधील मिचेल-कर्कनेस चौकशीपासूनच रस्तेवाहतुकीला आवर घालण्याचा विचार बळावला होता. तथापि त्याच कायद्याच्या कलम ६५ ने मालकावर घातलेले बंधन आजही लक्षणीय वाटते. चालकाकडून सलग पाच तासांहून अधिक काम अर्ध्या तासाच्या विश्रांतीवाचून घेऊ नये, दिवसाला नऊ आणि आठवड्याला चोपन्न तासांची मर्यादा ओलांडू नये, असे त्यात म्हटले होते. मालकाकडे एक गाडी आहे की पन्नास, याचा तेथे संबंध नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली मोटार वाहतूक कामगार अधिनियम संमत झाला. दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, लांब पल्ल्याच्या फेऱ्यांसाठी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने दहा व चोपन्न तास, साप्ताहिक सुट्टी, नोंदवह्या, निरीक्षक अशी त्याची रचना होती. कामगारहिताच्या दृष्टीने ही निःसंशय प्रगती होय. परंतु हा अधिनियम पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. ही मर्यादा खाली आणण्याची मुभा राज्यांना होती खरी; पण मूळ रचना मोठा उपक्रम गृहीत धरूनच झालेली होती. राज्य परिवहनाच्या आगाराला ती सहज लागू पडे. मालवाहतुकीचा धंदा मात्र एकदोन गाड्यांच्या मालकांच्या हाती विखुरलेला. चालक आणि क्लीनर मिळून दोन माणसे. माल मिळवून देणारा दलाल वेगळा, बिल्टी फाडणारी ट्रान्सपोर्ट कंपनी वेगळी. यातील ‘मालक’ कोण, हा प्रश्नच पडावा!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने कलम ९१ अन्वये १९६१ च्या अधिनियमाकडे बोट दाखविले. या कलमाची भाषा व्यापक आहे; परिवहन वाहन चालविण्यासाठी नेमलेल्या कोणत्याही व्यक्तीस ते उद्देशून आहे. म्हणजे तासांची मर्यादा लहान मालकाच्या चालकालाही लागू, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारी १९६१ ची यंत्रणा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली. योग्यता प्रमाणपत्र, विमा, परवाना ही कागदपत्रे गाडीबरोबर फिरतात आणि रस्त्यात अडवून तपासता येतात. म्हणून धंदेवाईक मालक ती जपून ठेवतो. चालक काल रात्री किती झोपला हे कोणत्याही नाक्यावर दिसत नाही. त्यातून मोबदला फेरीवर ठरलेला असेल तर विश्रांती घेणे म्हणजे आपल्याच कमाईत खोट आणणे ठरते.

जादा वजनाच्या बाबतीत इतिहास याहून उद्बोधक आहे. आसावरील भार सव्वापट झाला की, चतुर्थ घाताच्या प्रचलित नियमानुसार, रस्त्याची झीज सुमारे २.४ पट होते. ब्रेकवर येणारा ताण वेगळाच. १९८८ च्या कायद्यातील कलम ११३ नुसार चालक स्वतः मालक नसेल तर जादा भार मालकाच्या माहितीने वा आदेशाने लादला गेला असे न्यायालय गृहीत धरू शकते, आणि कलम ११४ नुसार तो भार उतरविण्याचा आदेश देता येतो. कायदा इतका स्पष्ट असूनही काही राज्यांनी ठरावीक रक्कम घेऊन जादा भारासह गाडी पुढे जाऊ देण्याची पद्धत रूढ केली. सुरक्षेचा नियम अशा रीतीने महसुलाचे साधन बनला. परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरविली. तडजोड शुल्क भरल्याने जादा भार वाहण्याचा हक्क मिळत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होता. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार असा वाढविला आणि भार उतरविल्याखेरीज गाडी हलू देऊ नये हे कायद्यातच नमूद केले. तत्पूर्वी, जुलै २०१८ मध्ये, चार चाकांच्या एकेरी आसाची अनुज्ञेय मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली होती. कालपर्यंतचा काही गुन्हा त्यामुळे आज नियमात बसला, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

१८६५ च्या कायद्याची जागा घेणारा रस्तेमार्गे वाहतूक अधिनियम २००७ मध्ये संमत होऊन १ मार्च २०११ पासून अमलात आला. वाहतूक कंपनीची नोंदणी आवश्यक करून जादा भाराची जबाबदारी त्याने तिच्यावरही टाकली. उत्तरदायित्व चालकाकडून वरच्या दिशेने सरकविण्याचा हा प्रयत्न महत्त्वाचा मानावा लागेल. तासांच्या बाबतीत मात्र पावले उलटी पडलेली दिसतात. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ९१ च्या अंमलबजावणीसाठी राज्यांबरोबर बैठका घेण्यास केंद्र शासनास सांगितले. त्यानंतर सातच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आणली गेली आणि १९६१ चा अधिनियम तिच्यात विलीन झाला. या संहितेतील आस्थापनेच्या व्याख्येत मोटार वाहतूक उपक्रमासाठी किमान कामगारसंख्या दहा आहे. पूर्वी ती पाच होती. दोन गाड्यांच्या मालकाकडील चालकाचे तास कोणत्या निरीक्षकाने, कोणत्या नोंदवहीवरून तपासावयाचे, याचे उत्तर त्या व्याख्येत मिळत नाही.