कौशल्य कोणाला शिकू दिले? – गिरणीतल्या धोट्यापासून आजच्या 'परफॉर्मन्स'पर्यंत

चांगले नेतृत्व आणि कौशल्य प्रशिक्षण मिळाले की कर्मचाऱ्याची कामगिरी सुधारते, असे आज प्रत्येक कंपनी सांगते. खरे आहे. पण कौशल्य शिकण्याचा दरवाजाच जातीने बंद केला असेल, तर कामगिरी मोजायची कोणाची?

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास पाहा. साळखात्यात पगार जास्त होता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आम्हाला चालणार नाही, म्हणून सवर्ण कामगारांनी आपल्या बांधवांना तिथे येऊ दिले नाही. त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. प्रश्न हाताच्या कसबाचा नव्हताच, प्रश्न विटाळाचा होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल संपाच्या नेत्यांपुढे ठेवला.

रेल्वेतही तेच. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हे वास्तव बाबासाहेबांनी तिथे मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी बजावले ते याच परिषदेत.

पण बाबासाहेब केवळ तक्रार करून थांबले नाहीत. 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी नोकऱ्यांतील वाट्याबरोबरच तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून काम शिकू द्या, असा त्यांचा आग्रह होता. 1943 मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 8.33 टक्के आरक्षण मिळाले. आधी काम शिकण्याची जागा, मग पद आणि मग कामगिरी, असा हा क्रम आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, 1956 मध्ये, त्यांनी मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारी शाळाही सुरू केली. नेता जन्माला येत नाही, घडवावा लागतो, हाच त्याचा अर्थ.

म्हणून मित्रांनो, ऑफिसात कोणी 'मेरिट' काढले तर उलट विचारा: ट्रेनिंगला कोणाला पाठवता? महत्त्वाचे काम कोणाच्या हाती देता? बढतीच्या यादीत कोणाची नावे असतात? आणि आपल्यापैकी जे आत पोहोचले आहेत, त्यांनी मागून येणाऱ्या एकाला तरी काम शिकवावे. नेतृत्व यालाच म्हणतात.

जय भीम!